वाकडी घडी

कापसाची जिनिंग गिरणी बंद पडल्यापासून दिग्रसच्या त्या गल्लीतल्या बाया रद्दीच्या पिशव्या चिकटवून विकत. आज नव्या किराणावाल्यानं, साखर गळते म्हणून, साऱ्या गल्लीच्या पिशव्या परत धाडल्या. नेमका कोणाचा हात बिघडला ते शोधत प्रभावती ढिगासमोर बसली होती. शेजारी तिची पायल, कॉलेजात शिकणारी, हातातल्या रद्दीतली बातमी वाचण्यातच अडकली.

"आई, विलायतेत गाईंच्या खुराकात मेलेल्या गाईंची हाडं दळून घातली. त्यातून मेंदूचा रोग गाईतून गाईत गेला, अन् मांसातून माणसातही."

"जंतू असन. उकळलं का मरते."

"जंतू नाही. ते जित्तंच नाही, तं मरन कसं? मेंदूतल्या एका प्रोटीनची घडी वाकडी पडते. ते शेजारच्या धड प्रोटीनले चिकटलं का त्याचीही घडी तशीच वाकडी."

"नुसतं चिकटून?" प्रभावतीचे हात थांबले.

तिनं गल्लीच्या पार टोकाच्या सुग्राबीची पिशवी उचलली. बुडाचा डावा कोपरा आत दबलेला. सुग्राबी शेजारच्या शीलाचं पाहून शिकली होती; शीलाचाही कोपरा तसाच. शीला पायलचं पाहून शिकली होती, पायलचाही तसाच.

प्रभावतीनं आपला डावा हात उजेडात धरला. जिनिंगच्या पट्ट्यात सापडल्यापासून त्याचं एक बोट सरळ होत नसे, म्हणून तिचा तो कोपरा आत दबायचा.

बाकी साऱ्या जणींची बोटं धड होती.