पाठवणीची चाल

नईम अजून बारामतीहून परतला नव्हता. डॉक्टरांनी आज त्याला एकट्यालाच बोलावलं होतं. आईला आणू नका, म्हणाले होते. त्या 'एकट्या'नं सकाळपासून चाँदभाईंना एका जागी बसू दिलं नव्हतं.

इंदापुरातल्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांची बायको गौहर खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. हात वर केला की तिच्या बांगड्या आता कोपरापर्यंत घसरायच्या. तिच्या पायाशी नात झोया मोबाईलला छोटा स्पीकर जोडत होती. ती पुण्यात क्लॅरिनेट शिकायची. परवाच तिथल्या मोठ्या ताफ्यात बसून तिनं एक सिम्फनी वाजवली होती, कुणा रशियन माणसानं शंभरावर वर्षांमागं लिहिलेली.

"नात ऑर्केस्ट्रात हाय म्हनून सांगितलं," गौहर म्हणाली, "तर शेजारची जयवंता इचारती, मग नाचायला कोन असतं?"

झोया खळखळून हसली. चाँदभाईंचं लक्ष दाराकडं होतं.

"दादा, इकडं बघा ना. हा तिसरा भाग. यातली मुख्य चाल पहिल्यांदा आम्ही क्लॅरिनेटवालेच धरतो."

क्लॅरिनेट म्हटल्यावर चाँदभाई वळले. त्यांची उभी हयात बँडमास्तरकीत गेली होती. पणदऱ्यापासून वालचंदनगरच्या कॉलनीपर्यंत त्यांनी वाजवलं नाही असा मांडव नव्हता. पुढं दात गेले आणि त्यांचं क्लॅरिनेट खुंटीला लागलं.

सूर निघाले. आधी दबकत, पाय न वाजवता पळाल्यासारखे. मग एकेक वाद्य येऊन मिळत गेलं. शेवटी पितळी वाद्यं, नगारे, झांजा, सगळंच उसळलं. कवायतीसारखी ठाशीव चाल. एवढ्याशा स्पीकरमधून खोली दणाणली. गौहरची मानही डोलायला लागली.

"इथं लोकांना वाटतं संपलं," झोया म्हणाली. "परवासुद्धा टाळ्या पडल्या. आमचे सर म्हणतात, हा विजय आहे, छाती काढून वाजवा. माझ्या शेजारी माधवी बसते, ती म्हणते, हा आनंद नव्हेच. तुम्हाला काय वाटतं?"

चाँदभाईंनी गुडघ्यावर त्या चालीचा ठेका धरून पाहिला.

"ही पाठवणीची चाल हाय," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"पोरगी सासरी निघाली की आई हंबरडा फोडती. मग मास्तर हात वर करतो. हात वर झाला की समद्यांनी छाती फुटंस्तवर फुकायचं. रडनं वराडाला ऐकू जाऊ ने म्हनून. हितं बी तसंच हाय. जोर लई, पन आनंद न्हाय. कायतरी झाकाय लागलेत." त्यांनी स्पीकरकडं बोट केलं. "ह्याच्या पुढं काय हाय?"

"शेवटचा भाग. अगदी संथ. विझत विझत जातो."

"ऱ्हाऊ दे. लावू नको."

बाहेर मोटरसायकल थांबली. नईम फाटकातूनच बोलत आला. हातात पेढ्यांचा पुडा.

"अम्मी, मिटली बघ काळजी. डॉक्टर एकदम खूश. गोळ्या बंद, इंजेक्शन बंद. पथ्य न्हाय कसलं. मनाला यील ते खाऊ घाला म्हनले. आता बारामतीच्या चकरा बी बंद."

गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असा आवाज. एवढ्या मोठ्यानं बोलायची नईमला सवय नव्हती. पुड्याचा दोरा त्याला सुटेना, तेव्हा त्यानं तो दातानं तोडला. पेढा आईच्या हातावर ठेवतानाही त्याची नजर पुड्यातच होती.

 चाँदभाईंनी लेकाकडं पाहिलं. नईमनं क्षणभर वर पाहिलं आणि परत मान खाली घातली.

"काय हो," गौहर म्हणाली. "खरं म्हनतोय का त्यो?"

चाँदभाई उठून उभे राहिले. श्वास भरून घेतला.

"खरं न्हाय तर काय खोटं? मी म्हनत न्हवतो तुला? आता झोयाच्या लग्नात म्होरं नाचवतो का न्हाय बघ. आख्खं इंदापूर बोलवतो."

त्यांचा आवाज नईमच्याही वर चढला आणि शेवटच्या शब्दाला चिरकला.

गौहरनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. पेढ्याचा एक तुकडा तोंडात टाकला. सावकाश चघळला.

"हळू बोला," ती म्हणाली. "मला ऐकू येतं."

नईम तोंड धुतो म्हणून मागं गेला. मोरीतला नळ सुटल्याचा आवाज आला. पूर्ण सोडलेला.

"झोया," गौहर म्हणाली, "ते ऱ्हायलेलं लाव, बाळा."

झोयानं आजोबांकडं पाहिलं. ते नको म्हणाले नाहीत.

सूर आले. घाई नव्हती त्यांना. एकेक पायरी उतरत गेले, थांबले, पुन्हा उतरले. मागं नळ चालूच होता. चाँदभाई खाटेच्या कडेला बसले. गौहरचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला आणि त्यांची बोटं आपोआप जुन्या जागा धरून त्यावर पडली.

क्लॅरिनेटची सगळी भोकं झाकली की सगळ्यात खालचा सूर लागतो. चाँदभाईंनी एकही बोट उचललं नाही.