शिफारसपत्र

"डॉक्टर, हे वाक्य काढा," डॉक्टर करंदीकरांच्या न्यू जर्सीतल्या दवाखान्यात सहायक असलेली नेत्रा म्हणाली. तिच्या डेंटल प्रवेशासाठीच्या शिफारसपत्रात त्यांनी लिहिलं होतं, 'वडिलांच्या आजारपणामुळे पदवीला गुण कमी पडले.'

"पण आजारी होते ना ते?"

"शेवटच्या वर्षी. त्याआधी मी केमिस्ट्रीत दोनदा नापास झाले, ते माझ्या आळसामुळे. बाबांच्या माथी नको."

डॉक्टरांनी ते वाक्य खोडलं. नोकरी सांभाळून तिने केमिस्ट्री पुन्हा शिकून 'ए' मिळवला होता, तेवढंच ठेवलं.

अकरा कॉलेजांनी नकार कळवला. बाराव्याने मुलाखतीला बोलावलं. तिथेही तिने आळसामुळेच नापास झाल्याचं सांगितलं.

प्रवेशाचं पत्र डॉक्टरांनीच मोठ्याने वाचलं. मग उठून, तिला पहिल्यांदाच अहो-जाहो करत म्हणाले, "बसा, डॉक्टर."