अठ्ठ्याण्णव टक्के

“पप्पा, आपली राख चालली!” संजना पगारे फोनवर ओरडलीच. “अठ्ठ्याण्णव टक्के!”

पप्पा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कामाला. राखेची पहिली गोणी त्यांनीच स्कूटरवरून आणून दिली होती. टक्के कशाचे ते त्यांना कळलं नाही, पण पोरीचा आवाज कळला.

“मग झाली का गं तू डॉक्टर?”

“झालेच समजा!”

समजायला काय जातं! त्या राखेपासून तिने एक भुकटी बनवली होती. उत्प्रेरक म्हणतात त्याला. धुराड्यातून निघणारा वायू त्या भुकटीवरून सोडला की त्याचं इंधन व्हावं, असा सगळा खटाटोप. खरंच होतं का आणि किती टक्के होतं, हे सांगणारं यंत्र तिच्या कॉलेजात नव्हतं, वर्ग भरला त्या कॉलेजात होतं. म्हणून तर ती तरुण संशोधकांच्या या उन्हाळी वर्गाला आली. जूनमध्ये प्रबंधाची मुदत संपत होती आणि त्यात हा एकच आकडा भरायचा राहिला होता.

आणि वर्ग म्हणजे काय, तर शाली. मे महिन्याचा उकाडा, पंखे नुसती गरम हवा फेकताहेत, आणि व्यासपीठावर शाल! उद्घाटनाला शाल, पाहुण्यांना शाल, पाहुण्यांबरोबर आलेल्यांनाही शाल. काल-परवाचे हार कोपऱ्यात कुजत पडलेले. यंत्र पोरांना दाखवलं ते काचेच्या दाराबाहेरून, त्यावर दसऱ्याचं कुंकू अजून तसंच. “तुम्ही नमुने द्या, निकाल मिळून जाईल,” निकुंभ सर म्हणाले. वर्ग त्यांनीच भरवलेला. भुकटीला हवा लागली की ती वाया जाते, म्हणून बाटलीच्या झाकणावर लाल टेप गुंडाळायची आणि अर्धी टेपवर, अर्धी काचेवर अशी सही करायची, हा नियमही सरांचाच.

संजनाने राखेची बाटली दिली. तिच्याच खोलीत राहणाऱ्या देवळ्याच्या उज्वलाने कांद्याच्या टरफलांपासून केलेल्या भुकटीची दिली. “बघू, कोणाचा कचरा जिंकतो,” उज्वला आठवडाभर चेष्टा करायची.

समारोपाआधी चहाच्या वेळी निकाल वाटले, तेव्हाच तिने पप्पांना तो फोन लावला होता. मग सभागृहात शिपाई ट्रेमधून बाटल्या परत देत फिरला. संजनाने आपली हसत हसत उचलली आणि तिचा चेहरा उतरला. लाल टेप तशीच. सही टेपवरून काचेवर उतरलेली, एक रेघसुद्धा तुटलेली नाही. भुकटी दिली होती तेवढीच्या तेवढी.

ती उठली ती थेट व्यासपीठाच्या पायरीशी. निकुंभ सर शालींच्या घड्या नीट करत होते.

“सर, माझी बाटली उघडलेलीच नाही.”

“आकडा कमी आलाय का?”

“नाही, पण...”

“मग?” सरांनी हातातली घडी झटकली. “यंत्र दिवाळीपासून बंद आहे. हे काय पाहुण्यांसमोर सांगत बसू? तुझा प्रबंध अडलाय ना? मग घे की, पोरी. पहिला नंबरही तुझाच काढलाय.”

सरांच्या अत्तराचा आणि त्या कुजक्या झेंडूचा वास एकदमच नाकात शिरला. पंगतीत जिलबी वाढावी तसे हा माणूस आकडे वाढत होता, आग्रह करकरून! आणि सगळ्यात घाण गोष्ट म्हणजे, घ्यावा असं क्षणभर तिलाही वाटलं. पप्पा तोवर वीजकेंद्राच्या गेटवरच्या सगळ्यांना सांगून मोकळे झाले असतील. जून काही लांब नव्हता.

तिचं नाव पुकारलं. टाळ्या झाल्या. पाहुण्यांनी शाल पुढे केली, ती तिने घेतली नाही. माइकजवळ जाऊन तिने बाटली उंच धरली.

“ही माझी बाटली. टेप तशीच आहे, सही तशीच आहे. ही कुणी उघडलीच नाही. मग माझे अठ्ठ्याण्णव टक्के आले कुठून?”

पाहुण्यांच्या हातातली शाल हातातच राहिली.

निकुंभ सर उठले, हसत हसत आले आणि त्यांनी माइक आपल्याकडे ओढला.

“अहो, उत्प्रेरकाची हीच तर गंमत आहे! सगळं काम करतो आणि स्वतः जसाच्या तसा राहतो!”

आधी पाहुणे हसले. मग सगळं सभागृह हसलं. मग टाळ्या पडल्या, अख्ख्या आठवड्यात पडल्या नव्हत्या एवढ्या.

संजनाने निकालाचा कागद टेबलावर नारळाखाली सरकवला आणि ती खाली उतरली. तळहात चिकट झाले होते. ते तिने ओढणीला पुसले, पुन्हा पुसले. प्रबंधातली ती जागा आता रिकामीच जाणार होती.

जागेवर आली तर शेजारी उज्वला अजून टाळ्या वाजवत होती. तिच्या मांडीवर तिची बाटली होती. झाकणावर लाल टेप, टेपवरून काचेवर उतरलेली तिची सही. कुठेही तुटलेली नाही.

“उज्वला, अगं, तुझीपण...”

“गुमान बस ना बाई,” उज्वला टाळ्या न थांबवता म्हणाली. “माझे शहाण्णव आलेत.”