कासवाचा रस्सा

"कासव कुठून आणू, अण्णा? हिरीतलं तर पाणी आटल्यावर तडफडून मेलं," कोंडाबाई म्हणाली.

सरपंच किशनरावांनी कुणी ऐकत नाही ना, हे मागं वळून पाहिलं. "मलाबी ठाव हाय. पन लातूरच्या सायबाचा सांगावा आलाय. कासवाचा रस्सा मिळंल का, म्हणून इचारलंय. जिल्हा नवा, सायब नवा. टँकर कुण्या गावाला द्यायचा ते त्येच्याच हातात हाय. न्हाई कसं म्हणावं?"

कोंडाबाईची सून जगदेवी पोटुशी होती. तशा अंगानं ती मन्याड नदीच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून केलेल्या झिऱ्यात उतरून वाटीवाटीनं घागर भरायची. तिथली वाळू ढासळून गेल्या आठवड्यात शेजारची सिद्धम्मा गाडली गेली. तेव्हापासून सून पाण्याला निघाली की ती परत येईपर्यंत कोंडाबाई दारातच उभी राहायची.

नवरा जिवंत होता तेव्हा मन्याडीत कासवं सापडायची. गावात मोठा पाहुणा आला की रस्सा कोंडाबाईच्याच हातचा लागे. चव अजून जिभेवर होती. तिनं म्हातारी कोंबडी कापली, त्यात बकरीचे कान टाकले, खोबरं नि तीळ भाजून वाटले. पाणी निर्मळ राहावं म्हणून गावानं विहिरीत सोडलेलं ते कासव. त्याचं कवच उकिरड्यात पडलं होतं. ते उचलून तिनं तेल चोळून चकचकीत केलं आणि साहेबांना दिसेल असं चुलीजवळ ठेवलं.

जीप आली.

"आधी दोन घास खाऊन घ्या, मग हीर दावतो," किशनराव म्हणाले.

साहेबांनी पहिला घास तोंडात घातला आणि चावता चावता थांबले. दाराआड कोंडाबाईनं चौकट घट्ट धरली.

"कुठलं कासव?"

किशनरावांनी चुलीकडं बोट केलं. "आमच्याच हिरीतलं, सायब. आज सकाळीच धरलं. ती काय, त्येची पाठ पडलीय."

साहेब कवचाकडं बघत राहिले. कोंडाबाईनं डोळे मिटून घेतले. आता हा ताट भिरकावणार, तडक जीपमध्ये बसणार, असं तिला वाटलं.

"झकास," साहेब म्हणाले आणि वाटी पुढं केली. "किती वर्षांनी असा रस्सा मिळाला."

कोंडाबाईच्या जिवात जीव आला. आता जगदेवीला झिऱ्यात उतरावं लागणार नव्हतं. पदरानं डोळे पुसत तिनं वाटी काठोकाठ भरली.

जेवण आटोपून साहेब उठले तसे किशनराव लगबगीनं पुढं झाले. "चला सायब, हीर बघू."

"आता कशाला?" साहेब हसले. "विहीर काय, रातोरात उपसून कोरडी दाखवता येते. म्हणून मी प्रत्येक गावात आधी कासव मागतो."

मग ते ड्रायव्हरकडं वळले. "यांच्या विहिरीत पाणी आहे. टँकर पुढच्या गावाला."