सहानुभूतीचे मार्क

"तुमचे मिस्टर आता आपल्यात नाहीत," मुलगा म्हणाला आणि त्याने टिश्यूचा डबा बोटाने पुढे सरकवला.

नटीने ठरल्याप्रमाणे तोंड झाकून हंबरडा फोडला. हॉस्पिटलच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाची परीक्षा चालू होती. विषय, नातेवाइकांना वाईट बातमी कशी सांगावी. नातेवाईक म्हणून तिला आणलं होतं, आणि सकाळपासून ती पुन्हा पुन्हा विधवा होत होती.

सगळ्यांचं नाटक एकच. नाव सांगायचं, बसा म्हणायचं, मान जराशी तिरकी करायची, मनात आकडे मोजत गप्प राहायचं, मग डबा सरकवायचा. कोपऱ्यात मोठे डॉक्टर कागदात डोकं घालून खुणा करत बसले होते. ओळख करून दिल्याचे मार्क, शांततेचे मार्क, टिश्यूचे मार्क. नटीने आयुष्यात भिकार नाटकं ढिगाने केली होती, पण एवढी किळस तिला एकाही नाटकाची आली नव्हती. ही पोरं तिच्याशी बोलतच नव्हती, कोपऱ्यातल्या कागदाशी बोलत होती.

चहाची सुट्टी झाली. मोठे डॉक्टर फोनवर बोट फिरवत बाहेर पडले, मागोमाग नटी. कॉरिडॉरमध्ये एक बाई घाईघाईने पुढे आली. तिच्या हातात कापडी पिशवी होती.

"डॉक्टर, सात नंबरच्या खाटेवर दुसरंच कुणीतरी आहे. आमच्या ह्यांना कुठे हलवलंत?"

"सात नंबर?" डॉक्टरांनी फोनवरून नजर काढली नाही. "वाचले नाहीत ते. पहाटेच. कळवलं नाही का कुणी? खाली ऑफिसात जा, बॉडीचं ते बघतील."

हे सगळं त्यांनी चालता चालताच उरकलं आणि ते चहाच्या खोलीत शिरले. आत कुणीतरी विनोद केला असावा, डॉक्टर मोकळेपणी हसले.

बाई होती तिथेच उभी राहिली. मग तिने नटीकडे पाहिलं. "मला म्हणाले का ते?"

नटीला अशी शिसारी आली की तिथल्या तिथे थुंकावंसं वाटलं. बाईला टेकायला तिने आजूबाजूला बाक शोधला. तोही नव्हता. माणसाला बसवून काही सांगायची सोय सबंध इमारतीत एकाच खोलीत केलेली होती. नटीने बाईचा दंड धरला, तिला परीक्षेच्या खोलीत नेलं आणि आपल्या खुर्चीवर बसवून पाणी दिलं.

दाराबाहेर पुढची मुलगी डोळे मिटून वाक्यं घोकत होती. नटी तिच्याजवळ गेली.

"आत आता नाटक नाही. त्या बाईचा नवरा खरंच वारलाय, आज पहाटे."

मुलीचा चेहरा उतरला. "मग मी काय बोलू?"

"पाठ केलंस ते सोडून काहीही बोल."

घंटा झाली. मोठे डॉक्टर येऊन कोपऱ्यात बसले आणि त्यांनी नवा कागद पुढे ओढला. मुलगी आत गेली, मागोमाग नटी येऊन दाराशी उभी राहिली. स्वतःचं नाव सांगायचं मुलगी साफ विसरली. टेबलापलीकडची खुर्ची उचलून तिने बाईच्या शेजारी ठेवली आणि बसली.

बाईनेच सुरुवात केली. "कुणीतरी जाता जाता सांगून गेलं की हे वारले. खरं आहे का गं?"

"हो," मुलगी म्हणाली. "मी त्यांना पाहिलं नव्हतं. पण खरं आहे."

बाई पिशवी चाचपू लागली. मग तिने आतून दाढीचा एक जुना रेझर काढला.

"काल म्हणाले, इथला फार ओरबाडतो, माझा घेऊन ये. मी वैतागलेले होते. म्हटलं, कुठे मिरवायचंय तुम्हाला? इथे कोण बघतंय?"

"मग? ते काय म्हणाले?"

"हसले. म्हणाले, तू येतेस ना रोज."

एवढं बोलून बाई रडली. कशीही रडली. नाक गळायला लागलं, मधेच उचकी लागली, घशातून भलताच आवाज आला. नटीने रंगमंचावर असं कधी रडून दाखवलं नव्हतं, लोक हसले असते. मुलीने डबा सरकवला नाही. ती बाईच्या हाताला हात लावून बसून राहिली. वेळ संपल्याची घंटा झाली तरी ती उठली नाही.

मोठ्या डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं.

"ओळख नाही, टिश्यू नाही, वेळेचं भान नाही. आणि 'मी त्यांना पाहिलं नव्हतं' हे काय? असं डॉक्टर बोलतो? सहानुभूतीत शून्य."

"सर, या बाई..." मुलगी म्हणू लागली.

"मधे बोलू नका. आधी ऐकून घ्यायला शिका."

मग त्यांनी वर पाहिलं. बाईकडे अगदी नीट, चष्मा सावरून पाहिलं.

"तुम्ही नवीन दिसता. थोडं आवरतं घ्या बाई. आणि ते रेझर वगैरे पुढच्या वेळी नको. खरी माणसं असं करत नाहीत."

नटीने तोंड उघडलं, पण तिच्या आधी बाईच गडबडीने उठून उभी राहिली.

"चुकलं, डॉक्टर," ती म्हणाली आणि तिने बाहीला नाक पुसलं.