पाणी खरं

चौथ्यांदा चालवून पाहिलं, तरी पडद्यावरचं तळं शुक्रवारीच विषारी होत होतं. आज शुक्रवार होता.

ऑफिसात तिला सगळे तळेवाली म्हणायचे. गेली दोन वर्षं ती संगणकावर एक तळं बांधत होती. चौकोन आणि बाण, दुसरं काही नाही. एका चौकोनात ऊन, एकात वरच्या शेतांतून वाहून येणारं खत, एकात शेवाळ, आणि एकात ते शेवाळ खाणारे बारीक किडे. बाणांवर आकडे भरायचे, बटण दाबायचं, की अख्खा महिना दोन मिनिटांत पडद्यावरून सरकायचा. शेवाळाची लाल रेघ आजच्या तारखेला ताडकन वर जात होती. तसलं पाणी पोटात गेलं तर धडधाकट माणूस आडवा होतो, लहान मुलांचं तर बोलायलाच नको.

खरं तळं चार तासांवर होतं. त्याच्या काठाला तिचे बाबा एकटे राहायचे, आणि सुट्टीत तिची आठ वर्षांची लेक त्यांच्याकडे गेली होती. लेकीला घरात भिंगरी म्हणत. एका जागी ठरेल तर शपथ! दिवसातून दोनदा पाण्यात.

तळेवाली तशीच उठली आणि साहेबांना रेघ दाखवायला गेली.

साहेब म्हणाले, मॉडेल राहू द्या, मोजणी काय म्हणते ते सांगा.

मोजणी बाबाच करत. रोज सकाळी होडी वल्हवत तळ्याच्या मधोमध जायचं, दोरीला बांधलेली पांढरी थाळी पाण्यात सोडायची, आणि ती दिसेनाशी झाली की किती दोरी गेली ते ऑफिसला कळवायचं. शेवाळ वाढलं की थाळी लवकर हरवते. होडी एकच, माणूसही एकच. तेवीस वर्षांचा नेम होता त्यांचा. नऊच्या ठोक्याला आकडा यायचा. पंधरवड्यापूर्वी वादळात काठावरची झाडं आडवी झाली, त्या दिवशीसुद्धा चुकला नव्हता. तेव्हा तिने ऑफिसभर मिरवलं होतं, की माझ्या बाबांसारखा माणूस शोधून सापडायचा नाही.

आजचा आकडा होता साडेतीन मीटर. कालचा जवळपास तोच. म्हणजे पाणी नितळ.

"मॉडेल आणि पाणी भांडलं तर खरं कोण?" साहेबांनी विचारलं.

"पाणी." त्यांच्या धंद्यातला पहिला धडा तो.

मग झालं तर, साहेब म्हणाले. उद्या दोन शाळांची पोरं तिथे पोहायला येणार आहेत, परवानगीवर तुमची सही लागेल, दुपारपर्यंत द्या.

ती जागेवर येऊन बसली, पण जीव थाऱ्यावर नव्हता. भिंगरीला चार दिवस पाण्यात सोडू नका, असं तिने कालच बाबांना फोनवर सांगून पाहिलं होतं. बाबा दुखावले. मी रोज तळ्याच्या पोटात डोकावतो आणि तू मला लांबून तळं शिकवतेस होय, म्हणाले. वल्हवताना दुखणाऱ्या खांद्याचं विचारलं, तर त्याला काय धाड भरलीय, म्हणाले. मग एकदम सूर बदलून भोपळ्यावर आले. पाठवलेला भोपळा कसा निघाला? यंदा नुसते लगडलेत. माती भरायला झकास जागा सापडली, उन्हाची, चारी बाजूंनी बंद, घुशींची कटकट नाही.

भोपळा एवढा थोरला होता, की नवऱ्याने तो दोन्ही हातांनी उचलून ओट्यावर ठेवला. तुझ्या बाबांचं आणि तुझ्या संगणकाचं विळ्या-भोपळ्याचं सख्य आहे, असा विनोदही त्याने करून घेतला. ती हसली नव्हती. लेक त्या पाण्यात असताना कोण हसेल?

तिने किड्यांच्या बाणावरचा आकडा वाढवला. किडे शेवाळ जरा भराभर खातात, असं धरलं. रेघ थोडी खाली बसली. अजून वाढवला. एवढा मोठा आकडा तिने कुठल्या पुस्तकात पाहिला नव्हता, आणि बोट बटणावर असताना तिला भीती वाटली, की आपण आपल्याला हवं तेच वदवून घेतोय. पण पडद्यावर बाबांच्या मोजणीचे साठ निळे ठिपके होते. साठ दिवस, साठ सकाळी. ते खोटे कसे म्हणायचे? ज्या हातांनी तिला पोहायला शिकवलं त्या हातांचे ठिपके होते ते.

शेवटी रेघ साठही ठिपक्यांवरून गेली. शुक्रवार सरळ गेला, शनिवारही.

चार दिवसांत पहिल्यांदा तिला नीट श्वास घेता आला. तिने परवानगीवर सही केली, कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि बाहेर येऊन बाबांना फोन लावला. काल उगाच बोलले, असं त्यांना सांगायचं होतं.

फोन भिंगरीने घेतला. ती नुकतीच पाण्यातून आली होती, अजून निथळत होती, आणि पुन्हा जायचा हट्ट चालला होता. आजोबांनी म्हणे आईला विचारून जा असं सांगितलं होतं.

"जा की," तळेवाली म्हणाली. "खुशाल जा. आणि उद्या सकाळी आजोबांबरोबर होडीतून जा, थाळी कशी बुडते ते बघून ये."

फोन चालूच बाजूला टाकल्याचा खडखड आवाज झाला, ओली पावलं दाराकडे पळाली, आणि लांबून भिंगरीचं हसू ऐकू आलं.

"होडीतून कशी जाऊ, आई? होडीत तर आजोबांनी भोपळे लावलेत."