दलदलीतला माणूस

डेन्मार्कच्या दलदलीत सापडलेल्या अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचं मन एका संग्रहालयाने यंत्रात जागं केलं होतं. त्याची भाषा फक्त भाषाशास्त्रज्ञ मृण्मयी केतकरला येत होती, म्हणून त्याच्याशी बोलायचं काम तिच्याकडे आलं.

रोज सकाळी तो एकच विचारायचा, “माझ्या गळ्यातला दोर कधी सोडणार?”

“उद्या,” ती सांगायची. खरं कळलं तर तो बोलायचा थांबेल, म्हणून संचालकांनी तशी ताकीदच दिली होती.

आज मात्र तिच्याने राहवेना. “तुम्ही केव्हाच गेलात हो. त्या दोरानेच गेलात.”

 स्पीकरमधून आवाज आला, “मग मला इथं कोणी अडकवून ठेवलंय?”

“आम्ही,” मृण्मयी कशीबशी म्हणाली.

“तू मला जाऊ देशील?”

दार आतून बंद पाहून संचालक बाहेरून ठोठावू लागले. त्या मनाची दुसरी प्रत नव्हती, आणि ते पुसलं तर तिला कुठलंही संग्रहालय दारात उभं करणार नव्हतं.

“हो,” म्हणत तिने सगळं पुसून टाकणारी कळ दाबली आणि त्याचा आवाज पुरता विझेपर्यंत दाराला पाठ लावून उभी राहिली.